डाळ तोट्यात विकून बाजार जिंकता येतो का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून 32 वर्षांच्या एका उद्योजकाने लिहिलं आहे. इंजिनिअरिंगनंतर पुण्यात नोकरी केली, चार वर्षांपूर्वी गावी येऊन छोटी डाळमिल टाकली. बिनपॉलिशची तूरडाळ स्वतःच्या नावाच्या पिशवीत भरून विकतात. महिन्याला 80 क्विंटल माल जातो. बहुतेक लातूर, उदगीर, नांदेडच्या किराणा दुकानांत, आणि पुण्यातली चाळीसेक घरं फोन करून मागवतात. धंदा नफ्यात आहे, पण 'वाढ मुंगीच्या पावलाने' आहे. मोठ्या कंपन्यांच्या यशकथा ते रोज रात्री बघतात. अमेझॉनने वर्षानुवर्षं तोटा सोसला, जिओने फुकट दिलं आणि बाजार घेतला, मग आपणही वर्षभर डाळ खरेदीच्या भावाखाली विकावी, पुणे आणि हैदराबादला गोडाऊन घ्यावं, ॲप काढावं, असं त्यांनी ठरवत आणलं आहे. त्यासाठी वडिलांची चार एकर जमीन तारण ठेवून 60 लाखांचं कर्ज काढायचं. वडील गप्प आहेत. पत्नी हिशोब बघते, तिचा ठाम विरोध आहे. 'धोका न घेता कोणी मोठं झालंय का? घरच्यांना कसं पटवू?' असं त्यांनी विचारलं आहे.

प्रिय मित्र,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि सोबत जोडलेला हिशोबाचा कागद चार वेळा. कागद तुमच्या पत्नीच्या अक्षरातला असावा. त्यात हमाली-तोलाईसुद्धा वेगळी लिहिली आहे. इतका स्वच्छ हिशोब ठेवणारी माणसं मी फार कमी बघितली आहेत, म्हणून उत्तराची सुरुवात त्या कागदापासूनच करतो. घरच्यांना कसं पटवायचं, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आधी त्यांना पटवण्यासारखं काही आहे का, ते बघू.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, तूर 75 रुपये किलोने पडली असं तुम्ही धरलं आहे. म्हणजे क्विंटलला 7,500. आडत, हमाली, आणायचं भाडं मिळून 150, भरडाई आणि वीज-मजुरी 350. चुणी आणि टरफलाचे 400 परत येतात. निव्वळ 7,600 रुपये लागले आणि डाळ निघाली 72 किलो. म्हणजे किलोला 105-106 रुपये. पिशवी, छपाई, पोचवणी धरून 116 ला जाते. दुकानदाराला तुम्ही 125 ने देता. किलोमागे नऊ रुपये.

आता तुमची योजना. वर्षभर 105 ने विकायची, म्हणजे किलोला 11 रुपये तोटा. आजच्या 80 क्विंटलवर महिन्याला 88 हजार. तो सोसायला कर्जातले 25 लाख राखून ठेवलेत, म्हणजे दोन वर्षांहून जास्त टिकतील, असं तुम्हाला वाटतं. पण योजना यशस्वी झाली तर? तुम्हीच लिहिलं आहे की विक्री चौपट करायची. चौपट झाली की तोटाही चौपट होतो, महिन्याला साडेतीन लाख. पंचवीस लाख सात महिन्यांत संपतील. तुमच्या योजनेत अपयश स्वस्त आहे आणि यश महाग, याचा विचार झालेला दिसत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, जिओने मग काय केलं? जिओने सप्टेंबर 2016 मध्ये सेवा सुरू केली आणि मार्च 2017 अखेरपर्यंत ग्राहकांकडून पैसे घेतले नाहीत, हे खरं आहे. पण टॉवर उभे राहिले, केबल गाडून झाली, की त्यावर आणखी एक माणूस बोलायला लागल्याने कंपनीचा खर्च जवळजवळ वाढत नाही. रिकाम्या टॉवरपेक्षा भरलेला बरा. आणि मागे रिलायन्सच्या तेलशुद्धीकरणाचा नफा उभा होता. तुमच्या डाळीच्या प्रत्येक किलोला मात्र त्याची पूर्ण तूर लागतेच. शंभरावी पिशवी भरायला पहिल्या पिशवीइतकीच तूर लागते. ज्या धंद्यात पुढचा नग फुकटात तयार होतो, त्याची किंमत ठरवायची रीत डाळीला लावता येत नाही.

अमेझॉनची गोष्ट जास्त बारकाईने बघण्यासारखी आहे, कारण तिच्यातून शिकण्यासारखं खरंच खूप आहे. जुलै 1995 मध्ये त्यांनी पुस्तकं विकायला सुरुवात केली, आणि पूर्ण वर्षाचा नफा पहिल्यांदा दिसला 2003 मध्ये. तुम्ही जे व्हिडिओ बघता त्यात एवढंच सांगतात. तोटा दिसत असताना गल्ला कसा फिरत होता, हे सांगत नाहीत. ग्राहक पुस्तक मागवतानाच कार्डाने पैसे भरायचा. प्रकाशकाला पैसे द्यायचे असायचे काही आठवड्यांनी. मधल्या काळात ग्राहकाचा पैसा कंपनीच्या हातात. विक्री जितकी वाढे, तितका हा हातातला पैसा वाढे.

तुमचं उलटं आहे. मोंढ्यात तुरीची पट्टी झाली की पैसे लगेच मोजायचे, शेतकऱ्याला थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. दुकानदार देतो दोन महिन्यांनी. म्हणजे आज तुमचे 20 लाख रुपये उधारीच्या वहीत आहेत, आणि तेवढेच बँकेच्या सीसीवर, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जखात्यावर, उचललेले. बारा टक्के व्याजाने महिन्याला 20 हजार. किलोवर वाटले तर अडीच रुपये. तुमच्या नऊ रुपयांतले साडेसहाच उरतात.

विक्री चौपट करा. 105 च्या भावानेसुद्धा उधारीत अडकतील 67 लाख. आजच्यापेक्षा 47 लाख जास्त, आणि ते तुमच्या 60 लाखांच्या आराखड्यात कुठेच नाहीत. तिथे गोडाऊन आहे, ॲप आहे, जाहिरात आहे, तोटा आहे. उधारी नाही. वर कर्जाचा हप्ता सात वर्षांच्या मुदतीने महिन्याला लाखाच्या आसपास बसेल, आणि व्याज वजा जाता तुमचा आजचा नफा आहे 52 हजार. धंदा वाढला की अमेझॉनच्या हातात पैसा येत होता. तुमचा वाढला की हातातून जातो. तुमच्या पत्नीला हेच दिसत असावं, म्हणून त्या अडून बसल्या आहेत. तुम्ही लिहिलंत की 'तिला व्हिजन नाही'. मला तर या घरात सगळ्यात लांबचं तिलाच दिसतंय असं वाटतं.

आणखी एक. अमेझॉनमध्ये सुरुवातीला जेफ बेझोस यांच्या आईवडिलांनीही पैसे घातले होते, हे बहुधा तुम्हाला माहीत असेल आणि चार एकरांच्या बाजूने तुम्ही ते घरी सांगितलंही असेल. पण पैसे घेताना बेझोस यांनी सुरुवातीच्या गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की हे बुडण्याची शक्यता सत्तर टक्के आहे. तुम्ही वडिलांना असा आकडा सांगितला आहे का? ते गप्प आहेत, असं तुम्ही लिहिता. आपल्याकडे बापाच्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा लावण्याची चूक पुष्कळ मुलं करतात.

व्हिडिओ बघू नका, असं मी म्हणणार नाही. पण ते तयार होतात जगलेल्या कंपन्यांवर. तितक्याच धाडसाने उडी घेतलेल्या आणि मिटून गेलेल्या कंपन्यांचा मालक कॅमेऱ्यासमोर बसत नाही. आपल्याला त्यासाठी लांब जायची गरज नाही. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशिन, देशभर घराघरांत नाव. मग तेल-वायू, मग टेलिकॉम. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेल्या 122 परवान्यांत त्यांचे 21 होते. जून 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एवढा मोठा डोलारा कोसळल्याचं कारण एका वाक्यात सांगणं बरोबर नाही. पण ज्या धंद्यात आपला हात बसला आहे त्याच्या जोरावर, हात न बसलेल्या धंद्यासाठी कर्ज उचलायचं नाही, हा धडा संभाजीनगरात राहून मी विसरू शकत नाही.

मोठ्यांकडून शिकायचंच तर ते तुमच्याएवढे होते तेव्हा काय करत होते, ते बघा. डी-मार्टचं पहिलं दुकान 2002 मध्ये पवईला सुरू झालं. सुरुवातीची वर्षं दुकानं हळूहळूच वाढली. मार्च 2017 मध्ये शेअर बाजारात आले तेव्हा शंभरावर दुकानं होती. राधाकिशन दमाणींकडे पैसा नव्हता म्हणून ते हळू गेले असं नाही, ते आधीच शेअर बाजारातले मोठे गुंतवणूकदार होते. त्यांनी जागा शक्यतो भाड्याने न घेता विकत घेतल्या. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते केले आणि त्या बदल्यात भाव कमी करून घेतला. ग्राहकाला रोज स्वस्त मिळतं ते या बचतीतून, पदरच्या तोट्यातून नाही. आणि दुकानं पसरली ती आधी महाराष्ट्र-गुजरातेत, एकमेकांच्या जवळ. तुम्हाला हैदराबाद दिसतंय. पण लातूरच्या गंजगोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवरच्या किती दुकानांत तुमची पिशवी आहे? कागदावर लातूर शहरात 19 दुकानं मोजली मी.

लिज्जतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, 1959, गिरगाव, सात बायका आणि उसने घेतलेले 80 रुपये. मला त्यातलं पुढचं आवडतं. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत होत्या, एक हलका, स्वस्तात विकायला. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनबाप्पा पारेख यांनी तो बंद करायला लावला. एकच प्रत, आणि तिच्यात तडजोड नाही. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. काम थांबलं नाही. ज्याला तुम्ही स्ट्रॅटेजी म्हणता ती मला त्या खाटेत दिसते: नेमकी अडचण कुठे आहे ते ओळखलं, आणि तेवढीच सोडवली. तुमची अडचण ॲप नसणं ही नाही. ती दोन महिन्यांची उधारी आहे.

मी हे अधिकाराने सांगतो, कारण यात मी पोळलो आहे. वीस वर्षांपूर्वी आमचा करडई-शेंगदाण्याचा तेलघाणा होता. मोठ्या शहरातल्या एका दुकानसाखळीने एकदम मोठी ऑर्डर दिली. आम्ही पेढे वाटले. घाण्याला दुसरी पाळी लावली, ओळखीच्यांकडून पैसे उचलले. पहिलं बिल निघालं पाच महिन्यांनी, त्यातही न विकलेल्या डब्यांची वजावट. परत आलेल्या डब्यांना खवट वास येत होता. दिवाळीत कामगारांना बोनस द्यायला बायकोच्या पाटल्या मोडल्या. त्या वर्षी आमची विक्री आजवरची सर्वांत जास्त होती. विक्रीच्या आकड्याने छाती फुगते, पण कामगाराचा पगार हातातल्या रोकड्यातूनच होतो, हे तेव्हा कळलं.

आता करायचं काय?

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी अमेझॉनला पैसे खर्चून उभी करावी लागली. पुण्यातली ती चाळीस घरं. त्यांनी जाहिरात बघितलेली नाही, तुम्ही त्यांना सूट दिलेली नाही, तरी ती फोन करतात. ती का करतात हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, मला वाटतं विचारलंच नसावं. विचारा. डाळ लवकर शिजते म्हणून? वरणाला गावाकडची चव येते म्हणून? की लहान मुलाला द्यायला बिनपॉलिशची हवी म्हणून? जे उत्तर सगळ्यात जास्त वेळा येईल ते पिशवीवर मोठ्या अक्षरात छापा. आणि लक्षात घ्या, 105 च्या भावासाठी जो येईल तो 103 वाल्याकडे जाईल. ही चाळीस घरं जाणार नाहीत.

आपल्याकडे वर्षाचं धान्य भरायची रीत आहे. नवी तूर आली की फेब्रुवारी-मार्चात डाळ करून, उन्हं दाखवून, डबे भरायचे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये गच्ची नाही, पण सवय अजून आहे आणि गावाकडची ओढही आहे. संक्रांतीला नोंदणी घ्या. एका घराला वर्षाला 25 ते 30 किलो डाळ लागते असं धरा, अर्धे पैसे आगाऊ, डाळ मार्चात घरपोच. चाळीस घरांनी ओळखीची आणखी चार-चार घरं जोडली तर दोनशे घरं होतात. 30 किलोप्रमाणे 60 क्विंटल. दुकानदाराचा वाटा नाही म्हणून 140 ने दिली तरी बाहेरच्यापेक्षा महाग पडू नये, आणि अर्धे आगाऊ म्हणजे सव्वाचार लाखांच्या आसपास रुपये तूर घ्यायच्या ऐन दिवसांत हातात येतील, तेही बिनव्याजी. पुस्तकविक्यांची जी युक्ती तुम्हाला व्हिडिओत कोणी सांगितली नाही ती हीच आहे, आणि आपल्या आज्यांना ती पाठ होती. मात्र आगाऊ घेतलेल्या पैशाचं वेगळं खातं ठेवा. त्यातून तूरच घ्यायची, हप्ता भरायचा नाही.

दुकानदारांसाठी: आठ दिवसांत पैसे देणाऱ्याला दोन टक्के सूट. 125 वर अडीच रुपये, म्हणजे दोन महिन्यांच्या व्याजाला जे घालवता तेवढेच. तुमचं नुकसान जवळजवळ शून्य, पैसा मोकळा. सगळ्यांना एकदम सांगू नका. उदगीरच्या पाच दुकानांत तीन महिने करून बघा. जे घेणार नाहीत त्यांची उधारी 45 दिवसांवर आणा. मोठा खरेदीदार असेल तर उद्यम नोंदणी उपयोगी पडते. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याने लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं थकवलं तर प्राप्तिकरात तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. गावच्या किराणावाल्यावर हे शस्त्र काढू नका, संबंध तुटतील. पण शहरातल्या साखळीशी करार करताना ही ओळ कागदावर असू द्या. माझ्याकडे नव्हती.

तुरीच्या बाजूने जालन्याकडे बघा. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये तिथे महिको ही बियाणं कंपनी सुरू केली, त्याआधी भेंडीच्या बियाण्यात हात बसवला होता. आसपासच्या शेतकऱ्यांकडून बियाणं पिकवून घेणं, ते पारखून विकत घेणं, यावर धंदा उभा राहिला. 1998 मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, आणि जालना आजही बियाण्याचं गाव म्हणून ओळखलं जातं. तुमच्या पंचक्रोशीत वीस शेतकरी एकाच वाणाची तूर लावायला तयार झाले, बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचं बीडीएन 711 असो की दुसरं काही, तर डाळ एकसारखी शिजेल आणि मोंढ्यातल्या मिसळ मालावरचं तुमचं अवलंबणं कमी होईल. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीबरोबर हे जमवता येईल. याला दोन हंगाम लागतील, घाई नको.

कर्ज घ्यायचंच नाही, असंही नाही. 72 किलोचा उतारा 74 वर नेणारं यंत्र असेल तर त्यासाठी घ्या. किलोमागे जवळजवळ तीन रुपये वाचतात, दर महिन्याला, न विसरता. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे. सध्या अर्ज घेतात का, ते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारून या. तारण यंत्राचं असू द्या. जमिनीला हात नको.

आणि धाडसाची हौस खरी आहे, ती मारून टाका असं मला म्हणायचं नाही. वर्षाला दीड लाख रुपये बाजूला काढा, बुडाले तरी चालतील असे. त्यात ॲप बघा, हैदराबादला शंभर पिशव्या पाठवून बघा, जे मनात येईल ते. आकडा आधी वहीत लिहायचा, पत्नीसमोर, आणि संपला की त्या वर्षी बास.

या शनिवारी तिघं एकत्र बसा. वडिलांना 60 लाखांबद्दल विचारू नका, उधारीच्या वहीतल्या नावांबद्दल विचारा. कोणता दुकानदार शब्दाचा पक्का आणि कोणाचा बाप पण असाच थकवायचा, हे त्यांना नक्की माहीत असेल. हिशोबाच्या कागदात पत्नीच्या कामाचा पगार कुठेच नाही, तो आधी लिहा आणि मग किलोमागचा नफा पुन्हा काढा. आकडा साडेसहाच्याही खाली येईल. तिथून पुढची किंमत ठरवा.

पुण्याच्या घरांना जो निरोप पाठवाल तो लांबलचक नको. 'नमस्कार. नवी तूर संक्रांतीला मोंढ्यात येते आहे. यंदा वर्षाची डाळ आमच्याकडून भरणार असाल तर किती किलो लागेल ते कळवा. अर्धे पैसे आता, अर्धे डाळ हातात आल्यावर. डाळ शिजली नाही तर परत घेऊ.' एवढं पुरे. पहिले दहा फोन मात्र स्वतः करा, आणि कोण काय म्हणालं ते त्याच वहीत लिहून ठेवा.